पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट

श्रोतेहो, मारेगाव-वणीकडच्या कापूसकरी घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी एम. एस्सी. होते आणि म्हणते, "आता मी पीएच. डी. करणार." मग घरच्यांना दोन प्रश्न पडतात. आणखी किती वर्षे? आणि तोवर खायचे काय? प्रश्न अगदी रास्त आहेत. हा डॉक्टर सुई टोचत नाही, हेही शेजाऱ्यांना आधीच सांगितलेले बरे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम आज लागू आहेत. पदार्थविज्ञानात, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या भौतिकशास्त्रात, एम. एस्सी.ला किमान ५५ टक्के गुण हवेत. राखीव वर्ग, अपंग व आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सूट आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवणाऱ्यालाही आता दार उघडे आहे. पुढे प्रवेशपरीक्षा. २०२४ मध्ये आयोगाने नेट परीक्षेचे गुण प्रवेशासाठी धरायला सांगितले. आपला जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाकडे येतो. तेव्हा अर्जाआधी तिथली ताजी सूचना वाचावी.

आता पोटाचे. नेटमध्ये वरच्या यादीत येऊन छात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. ती न मिळाल्यास मात्र घरचा हिशेब आधी मांडावा. मुदत कमीत कमी ३ वर्षे, जास्तीत जास्त ६. पुनर्नोंदणी करून आणखी २. स्त्रियांना याहून २ वर्षे अधिक, आणि बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. ही तरतूद मुलींच्या आईबापांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

सुरुवातीला थोडा अभ्यासक्रम असतो, त्यात पास व्हावे लागते. पण खरी कसोटी प्रश्न निवडण्यात. समजा, कापसातला ओलावा विजेच्या साह्याने मोजायचा आहे. ओला कापूस वीज अधिक वाहू देतो, हे जुनेच ज्ञान. तेवढे उतरवले तर तो निबंध झाला. पण वैशाखातल्या उन्हात त्या मोजणीत किती फरक पडतो आणि का पडतो, हे आधी कोणी दाखवले नसेल, आणि तुम्ही शेकडो वेळा मोजून, चुकीची मर्यादा सांगून ते सिद्ध केलेत, तर ते संशोधन. आधी कोणी दाखवले आहे का, हे शोधण्यातच पहिले वर्ष जाते बरे का!

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला गेले, फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली विश्वरचनेवर काम करून १९६३ मध्ये डॉक्टर झाले. गंमत अशी, की गुरू हॉईल यांनी स्वतः ही पदवी घेतलीच नव्हती! तेव्हा पदवी नसलेला शास्त्रज्ञ नसतोच, असे समजू नये. पण आज विद्यापीठात नोकरी किंवा प्रयोगशाळेत जागा हवी, तर ती बहुधा मागतात.

मार्गदर्शक नीट पारखून घ्यावा; तुमच्या प्रश्नात त्याचे स्वतःचे काम असावे. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती सांगावी लागते. प्रबंध तयार झाला, की उसना मजकूर शोधणाऱ्या यंत्रातून जातो. २०१८ च्या नियमाप्रमाणे ६० टक्क्यांहून अधिक मजकूर उसना निघाला, तर नोंदणीच रद्द. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. कारण प्रबंध बाहेरचे दोन परीक्षक वाचतात, आणि एकाने नाकारल्यास तिसऱ्याकडे जातो. शेवटी सर्वांसमक्ष तोंडी परीक्षा होते. तिथे "हा आकडा कसा आला?" असे विचारले, की ज्याने मोजले त्यालाच सांगता येते.

शिक्षक बंधुभगिनींनो, नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच. डी. करता येते. संस्थेचे ना-हरकत पत्र लागते, आणि त्यात संशोधनासाठी पुरेसा वेळ देऊ असे लेखी हवे. ते पत्र हाती आल्यावरच फी भरावी.