कोच बदलला की टीम खरंच जिंकते का?



मागच्या आठवड्यात सकाळची प्रॅक्टिस बघून मैदानाबाहेर चहा घेत उभा होतो. तिथे सोलापुरातल्याच एका छोट्या फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी भेटले. त्यांची सतरा वर्षांखालच्या पोरांची टीम ओळीने पाच मॅच हरलीय. मला बघून म्हणाले, "सर, तुम्ही कोचिंगवरच पीएच.डी. करताय म्हणं. रविवारी मीटिंग आहे. आत्ताच्या कोचला काढायचं जवळजवळ ठरलंय. नवा कसला आणू, तेवढं सांगा की."

"काढायचं का ठरलं?"

"पाच मॅच हरलेत की ओ! अजून काय पाहिजे?"

मी म्हटलं, रविवारच्या आत लिहून देतो. ही पोस्ट म्हणजे तेच उत्तर. तुमच्याही शाळेची, गल्लीची, कंपनीची टीम हरत असेल तर तुम्हालाही उपयोग होईल.

आधी फासे टाकू

समजा वर्गात 36 मुलं आहेत. प्रत्येकाला दोन फासे टाकायला सांगा. साधारण दहाजणांची बेरीज 5 किंवा त्याहून कमी येईल. या दहाजणांना उभं करा, चांगलं झापा, आणि परत फासे टाकायला लावा. दहापैकी सातेकजणांची बेरीज या वेळी 5 च्या वर जाईल. झापल्यामुळे फासे सुधारले असं तुम्ही म्हणाल का? नाही म्हणणार. पहिल्या वेळी नशीब फारच वाईट होतं, दुसऱ्या वेळी नेहमीसारखं झालं, एवढंच.

याला संख्याशास्त्रात 'सरासरीकडे परत येणं' म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1886 मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या आकड्यांवरून ही गोष्ट दाखवून दिली. फुटबॉलमध्ये ती जास्तच फसवते, कारण इथे गोल कमी होतात. एक बॉल पोलला लागून बाहेर गेला, एक पेनल्टी विरुद्ध गेली, की निकालच फिरतो. आणि कोच कधी काढला जातो? टीमचा सगळ्यात वाईट काळ चालू असतो तेव्हा. म्हणजे फासे 3 पडल्यावर. त्यानंतर काहीही केलं, अगदी काहीच केलं नाही, तरी पुढचा आकडा बहुतेक वेळा वर जाणार. श्रेय मात्र नव्या कोचला.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं वर्गातलं गणित. मैदानात तपासलंय का कुणी?

तपासलंय. हॉलंडमध्ये बास तर वेल यांनी तिथल्या पहिल्या श्रेणीच्या लीगचे 1986 ते 2004 पर्यंतचे आकडे घेतले. युक्ती साधीच होती. वाईट काळात कोच काढलेल्या टीम एका बाजूला ठेवल्या. दुसऱ्या बाजूला तितकाच वाईट काळ येऊनही कोच न काढलेल्या टीम. पुढे दोन्ही सुधारल्या, आणि जवळपास सारख्याच सुधारल्या. यान व्हान और्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2016 मध्ये त्याच लीगच्या 14 हंगामांवर पुन्हा काम केलं. या वेळी टीम खरोखर अपेक्षेपेक्षा किती वाईट खेळतेय हे मोजायला सट्टेबाजांचे भाव वापरले. उत्तर तेच आलं.

म्हणजे कोचला काही किंमतच नाही का? असं अजिबात नाही. या अभ्यासांतून एवढंच कळतं की हंगाम चालू असताना घाईने केलेला बदल सरासरीने फारसा फायदा देत नाही. चांगला कोच कोण, हे ओळखायला पाच-सहा निकाल पुरत नाहीत. बरीच वर्षं आणि वेगवेगळ्या टीम बघाव्या लागतात. असा एक माणूस आपल्या मुंबईतच घडलाय.

खालिद जमील यांचं उदाहरण

खालिद जमील यांचा जन्म कुवेतचा, पण खेळाडू म्हणून कारकीर्द मुंबईत झाली: महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी. 2009 मध्ये ते मुंबई एफसीचे कोच झाले. बंगाल-गोव्याच्या मोठ्या क्लबांपुढे या टीमची ऐपत बेताची. विजेतेपद वगैरे दूरची गोष्ट, पण जमील असेपर्यंत टीम आय-लीगमधून कधी खाली गेली नाही. 2016 मध्ये क्लबने त्यांना सोडलं. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या नंबरावर राहिली, खालच्या श्रेणीत गेली आणि नंतर बंदच पडली.

जमील गेले मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे. ही टीम आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरली होती. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, जागा रिकामी झाली, म्हणून ऐझॉलला परत घेतलं गेलं. जमील यांनी जाताना मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे आपले जुने खेळाडू सोबत नेले. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स, मिडफिल्डला सीरियाचा अल-अमना आणि लायबेरियाचा जार्यान, आणि बाकी बहुतेक तिथलीच मिझो पोरं. 22 एप्रिल 2017 ला त्यांनी घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 ने हरवलं. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये 1-1 बरोबरी केली आणि लीग जिंकली. ऐझॉल 37 गुण, बागान 36. ईशान्येकडच्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

इथेच थांबलो तर ही 'जादूगार कोच'ची गोष्ट होईल. पण आपण संशोधन करतोय, त्यामुळे पुढचे आकडेही बघायला लागतील.

जानेवारी 2021. आयएसएलमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने आपला स्पॅनिश कोच काढला. 11 मॅचमध्ये 12 गुण झाले होते. सहायक असलेल्या जमील यांच्याकडे टीम आली. उरलेल्या 9 मॅचमध्ये 6 विजय, 3 बरोबरी, हार शून्य. 21 गुण! टीम तिसरी आली. आयएसएलमध्ये टीमला प्लेऑफपर्यंत नेणारे ते पहिले भारतीय कोच ठरले.

आणि पुढच्या हंगामात? तोच क्लब, तोच कोच, आता कायमचा नेमलेला. टीम 11 पैकी दहावी.

मग जमील वर्षभरात बिघडले का? नाही. टीमचा चांगला मिडफिल्डर अपुइया मुंबई सिटीकडे गेला, मेहता कोलकात्याला गेला. आणि त्या 9 मॅचकडेही नीट बघा. त्याच जानेवारीत देशॉर्न ब्राउन हा जमैकाचा स्ट्रायकर टीममध्ये आला होता. शिवाय फाशांचा भाग होताच. त्या 21 गुणांतले किती कोचचे, किती ब्राउनचे आणि किती नशिबाचे, हे वेगळं काढता येत नाही. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये जमील भारताचे मुख्य कोच झाले. पहिल्याच मॅचमध्ये ताजिकिस्तानला 2-1 हरवलं, सगळीकडे कौतुक झालं. 14 ऑक्टोबरला गोव्यात, फातोर्ड्याला सिंगापूरकडून 1-2 हरलो आणि 2027 च्या आशिया कपची वाट बंद झाली. ऑगस्टमध्ये डोक्यावर घेणारे आणि ऑक्टोबरमध्ये शिव्या देणारे बरेचसे लोक तेच होते.

तरीही मी त्यांना चांगला कोच म्हणतो. कारण एकेका हंगामाचा निकाल बाजूला ठेवला तरी वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या मालकांकडे, कमी पैशात एक गोष्ट सारखी दिसते. हातात जे खेळाडू आहेत त्यांना झेपेल असाच खेळ ते ठरवतात: बचाव घट्ट, खेळाडूंमधलं अंतर कमी, कॉर्नर आणि फ्री-किकवर मेहनत. बघायला तो नेहमी देखणा नसतो, पण टीमला पेलवतो.

पोरांच्या टीमला मात्र अजून एक गोष्ट लागते

इथे माझीच एक चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी एका टीमला मदत करत होतो. गोलकीपरने एका मॅचमध्ये दोन अगदी सोपे गोल खाल्ले. हाफटाइमला सगळ्यांसमोर मी त्याला झाड झाड झाडलं. पुढच्या मॅचला पोरगं भारी खेळलं. मला वाटलं, बघा, बोललं की सुधारतात! मग काय, सवयच लागली. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला. घरी जाऊन विचारलं तर आई म्हणाली, "त्याला आता खेळायचं नाही म्हणतोय." मुलगा आतल्या खोलीतच होता, बाहेर आला नाही.

पुढे अभ्यासात डॅनियल कानेमन वाचले. इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांशी झालेला प्रसंग ते सांगतात. प्रशिक्षकांचं म्हणणं, कौतुक केलं की पायलट पुढच्या वेळी खराब करतो, ओरडलं की चांगलं करतो. कानेमन यांच्या लक्षात आलं की हे आपले फासेच आहेत. फार वाईट उड्डाणानंतरचं उड्डाण बहुधा बरंच असतं, फार चांगल्यानंतरचं थोडं खालीच येतं. ओरडण्याचा त्यात संबंध नाही. माझा गोलकीपर पुढच्या मॅचला नुसता नेहमीसारखा खेळला होता, आणि मी ते माझ्या ओरडण्याच्या खात्यात जमा केलं.

मग ओरडण्याऐवजी काय करायचं? अमेरिकेत सिएटलला रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी मुलांच्या बेसबॉल कोचवर वर्षानुवर्षं काम केलं. काही कोचना त्यांनी छोटं प्रशिक्षण दिलं: मेहनत दिसली की बोलून दाखवा, चूक झाली की धीर द्या आणि लगेच काय करायचं ते सांगा, अपमान करू नका. 1992 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात, प्रशिक्षण न घेतलेल्या कोचची 26 टक्के मुलं पुढच्या वर्षी खेळायला आलीच नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांची फक्त 5 टक्के गळाली. आणि दोन्ही गटांच्या जिंकण्या-हरण्यात फरक नव्हता! म्हणजे नुसता निकालांचा तक्ता बघितला असता तर दोन्ही कोच सारखेच वाटले असते.

सोलापूरसारख्या ठिकाणी या आकड्याला फार किंमत आहे. इथे एका वयोगटात सोळा पोरं जमवताना नाकी नऊ येतात. चार गेली की टीमच उरत नाही.

तर सेक्रेटरीसाहेब, रविवारी हे विचारा

पहिलं: त्या पाच मॅचमध्ये गोलची संधी आपल्याला किती मिळाली आणि समोरच्यांना किती दिली? मोजलं नसेल तर पुढच्या तीन मॅचला एका पोराच्या हातात वही द्या आणि दोन रकाने आखा. थोड्याच मॅच हाताशी असतील तर गोलपेक्षा संधी मोजून टीमची खरी लायकी जास्त कळते. संधी बरोबरीच्या असतील तर नशीब वाईट आहे. समोरच्यांना दुप्पट मिळत असतील तर दुखणं खरं आहे.

दुसरं: कोचला विचारा, "या महिन्यात कोणत्या दोन गोष्टी सुधारायच्यात?" हरणाऱ्या टीमच्या कोचकडे दोनच गोष्टी असाव्यात. दहा सांगितल्या तर पोरांच्या डोक्यात एकही राहणार नाही.

तिसरं: मॅचच्या वेळी बॉलकडे नको, कोचकडे बघा. चूक झाल्यावर पुढच्या दहा सेकंदांत तो काय बोलतो? "अरे काय करतोयस?" की "पुढच्या वेळी आधी मागे बघ"?

चौथं: हजेरी. पाच मॅच हरूनही पोरं पहाटे सहाला येत असतील तर त्या माणसात काहीतरी आहे.

या चारही ठिकाणी उत्तर वाईट आलं तर जरूर बदला, मी आड येणार नाही. आणि नव्यालाही हीच फूटपट्टी लावा, पहिल्या दोन मॅच जिंकल्या म्हणून हार घालू नका.

चहा पितानाच मी सेक्रेटरींना हजेरीचं विचारलं होतं. जरा थांबून म्हणाले, "हजेरीचं म्हणाल तर पोरं येतेत की. बावीस येतेत. पूर्वी चौदा यायचे."

मीटिंगमध्ये हे पहिल्यांदा सांगा, एवढीच माझी विनंती आहे.