चरीच्या कुळांची योजना
अलिबागनजीकच्या चरी गावी, खाऱ्या वाऱ्यात भातशेती पिकवूनही खोताचा, म्हणजे जमीनदाराचा, खंड चुकता करताना ज्यांच्या कणग्या रित्या होत, त्या कुळांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो उपाय योजिला, तो सामाजिक नियोजनाचा उत्कृष्ट वस्तुपाठ होय. त्यांनी जमीन कसणेच थांबविले. पीक नाही तर खंडही नाही, हे त्याचे सूत्र. दारिद्र्य सोसून त्यांनी हा संप १९३९ पर्यंत टिकविला. दरम्यान, १९३७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीची ही पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पीडितांची एकजूट आणि कायद्याचा आधार, या दोहोंवाचून कोणतीही नवी योजना तडीस जात नाही, हे आजच्या योजनाकारांनी ध्यानी धरावे.