परसात गुळवेल लावा, पण ओळखून

घोडबंदर रस्त्यावरच्या चेण्याला एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी. अशा हवेत गुळवेल झपाट्याने चढते. मात्र उद्यानातून ती तोडून आणू नये. ओळखीच्या शेजाऱ्याकडून फाटा मागावा. पावसाच्या तोंडी पेन्सिलीएवढा जाड, वीतभर लांब फाटा कडुनिंबाशी किंवा मांडवाशी खोचला की झाले.

उन्हाळ्यात पाने झडून वेल वाळक्या दोरीसारखी दिसते, आणि कित्येक घरी ती सरपणात जाते! आधी नखाने साल खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर वेल जिवंत आहे. बुंधा तुटला तरी ती वरून मुळे सोडून पुन्हा जमीन गाठते. 'अमृता' हे नाव उगाच नाही.

खरी काळजी ओळखीची. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवले. त्या वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात. आपल्या गुळवेलीची साल कागदासारखी सुटते, पान गुळगुळीत, हृदयाच्या आकाराचे असते. तरीही यकृताचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून काढा घेऊ नये. काढा घेताना डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, तर तो त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठावा.