हंगामाच्या मध्यावर उस्ताद बदलावा का?
लेस्टरच्या फुटबॉल क्लबाची गोष्ट आणि आपला धंदा

व्यापाराच्या पानावर फुटबॉलची चर्चा पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण आज आम्ही ज्या प्रश्नाकडे लक्ष वेधू इच्छितो तो प्रत्येक कारखान्यात आणि प्रत्येक दुकानात कधी ना कधी उभा राहतो. कारखान्याला नाव मिळवून देणारा उस्ताद ऐन हंगामात कमी पडू लागला, माल परत येऊ लागला, तर मालकाने काय करावे? त्याला सांभाळून घ्यावे की हिशेब चुकता करून निरोप द्यावा? आणि निरोप दिला, तर वर्षानुवर्षे त्या दुकानावर जीव लावणाऱ्या गिऱ्हाइकांना काय वाटते?

इंग्लंडमधील लेस्टर शहरात २०१७ साली हाच प्रश्न साऱ्या जगासमोर आला.

शहर आणि क्लब

लेस्टर हे मुळात कारागिरांचे शहर. होजियरी आणि बूट या दोन धंद्यांवर ते वाढले. १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले अनेक आशियाई व्यापारी, त्यांत बरेचसे गुजराती, येथे येऊन स्थायिक झाले. २०२१ च्या शिरगणतीनुसार शहरातील २३.५ टक्के वस्ती मुसलमान आहे. फुटबॉल मैदानापासून जवळच्या नारबरो रोडवर वीसहून अधिक देशांतून आलेले दुकानदार शेजारी शेजारी धंदा करतात. अशा शहराचा लेस्टर सिटी हा क्लब २०१० साली थायलंडचे व्यापारी विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी विकत घेतला. विमानतळांवरील करमुक्त दुकाने हा त्यांचा मूळ धंदा.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात व प्रत्येकाला ३८ सामने खेळावे लागतात. शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. २०१५ च्या जुलैत लेस्टरने क्लौडिओ रानिएरी या इटालियन गृहस्थांना मॅनेजर नेमले. फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे कचेरीतला साहेब नव्हे. तो संघाचा उस्ताद असतो. कोणाला खेळवायचे, कसे खेळायचे, सराव काय करायचा, हे तोच ठरवतो. काही महिन्यांपूर्वीच ग्रीसने फेरो बेटांसारख्या इवल्याशा संघाकडून हरल्यावर रानिएरींना काढले होते. त्यामुळे लेस्टरच्या या निवडीवर अनेकांनी नाक मुरडले. हा संघ अजिंक्यपद मिळवील यावर सट्टेबाजांनी पाच हजारास एक असा भाव लावला होता. सट्टा आपल्याला हराम आहे व त्याची भलामण आम्ही करत नाही. पण बाजाराचा या संघावर किती अविश्वास होता, हे त्या आकड्यावरून कळते.

आणि हाच संघ २ मे २०१६ रोजी अजिंक्य ठरला. ८१ गुण, दुसऱ्या क्रमांकावरील आर्सेनलपेक्षा तब्बल १० अधिक. विजयाच्या मिरवणुकीला लाखो माणसे रस्त्यावर आली. क्लबाच्या १३२ वर्षांच्या इतिहासात हे पहिलेच अजिंक्यपद होते.

मग घसरण कशी झाली?

व्यापाऱ्याने येथे नीट लक्ष द्यावे. पहिल्या वर्षीचे यश स्वस्तात केलेल्या पारखी खरेदीवर उभे होते. एन्गोलो कांते हा फ्रेंच मुसलमान खेळाडू सुमारे ५६ लाख पाउंडांना आणला होता. अल्जीरियाचा रियाद महरेज तर त्याच्या दशांश किमतीत मिळाला. जेमी वार्डी पूर्वी कारखान्यात मजुरी करून खालच्या लीगमध्ये खेळत असे. असे हिरे हेरण्यात स्टीव्ह वॉल्श या सहायकाचा मोठा हात होता.

२०१६ च्या उन्हाळ्यात कांतेला चेल्सी क्लबाने सुमारे ३ कोटी २० लाख पाउंड देऊन नेले. त्याच महिन्यात वॉल्शही एव्हर्टन क्लबाकडे गेले. म्हणजे सर्वांत कष्टाळू कारीगर आणि माल पारखणारा जाणकार, दोघेही एकाच वेळी सुटले. त्यानंतर क्लबाने इस्लाम स्लिमानी व अहमद मूसा यांच्यासारखे खेळाडू पूर्वीच्या कितीतरी पट भाव देऊन आणले. पण जुनी घडी पुन्हा बसली नाही. कांते ज्या चेल्सीत गेला ती पुढच्याच वर्षी अजिंक्य ठरली. एक कारीगर गेला तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

२०१७ च्या फेब्रुवारीपर्यंत लेस्टरची अवस्था बिकट झाली. २५ सामन्यांत अवघे २१ गुण. लीगमधील सलग पाच सामन्यांत हार. नव्या वर्षात लीगमध्ये एकही गोल नाही. घसरणीच्या रेषेच्या केवळ एक गुण वर. आदल्या वर्षीचा अजिंक्य संघ खालच्या श्रेणीत जाण्याची नामुष्की इंग्लंडमध्ये एकदाच, १९३८ साली मँचेस्टर सिटीवर आली होती. ती आता लेस्टरच्या दारात उभी होती.

७ फेब्रुवारीला क्लबाने जाहीर निवेदन काढून रानिएरींच्या पाठीशी आपण ठाम उभे असल्याचे सांगितले. त्यांच्याशी चार वर्षांचा नवा करार होऊन सहा महिनेच झाले होते. आणि २३ फेब्रुवारीला, युरोपीय स्पर्धेत सेव्हिलाशी १-२ असे हरून संघ परतताच, त्यांना काढल्याची घोषणा झाली. अजिंक्यपदाला दहा महिनेही लोटले नव्हते.

शौकिनांचे तीन मत

या बातमीने लेस्टरचे क्रीडाशौकीन तीन गटांत वाटले गेले. तिघांचेही म्हणणे समजून घेण्यासारखे आहे.

पहिला गट दुःखी होता. ज्याने आयुष्यभराचा आनंद दिला त्याला वर्ष संपेपर्यंतही थांबू दिले नाही, ही कृतघ्नता आहे, असे त्यांचे म्हणणे. खालच्या श्रेणीत गेलो असतो तरी चालले असते, पण हे नको होते, असेही पुष्कळजण म्हणाले. लेस्टरचेच सुपुत्र व जुने खेळाडू गॅरी लिनेकर यांनी आपल्या डोळ्यांत पाणी आल्याचे सांगितले. मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर जोझे मोरिन्यो दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर आले ते रानिएरींच्या नावाची आद्याक्षरे शर्टावर लावून. त्यानंतरच्या लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्यात ६५ व्या मिनिटाला प्रेक्षकांनी मोबाइलचे दिवे पेटवून ६५ वर्षांच्या या उस्तादाला सलाम केला.

दुसरा गट खेळाडूंवर संतापला होता. हीच मुले, हेच पाय, मग दहा महिन्यांत असे काय झाले? काही खेळाडूंनी मालकाकडे जाऊन उस्तादाविरुद्ध कान भरल्याची कुजबुज सुरू झाली. खेळाडूंनी त्याचा साफ इन्कार केला. तरी राग एवढा की वार्डीला व त्याच्या कुटुंबाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्याचे त्यानेच सांगितले. पुराव्यावाचून ऐकलेल्या गोष्टीवर माणूस कोठवर जातो, याचे हे उदाहरण आहे.

तिसरा गट संख्येने लहान नव्हता, पण त्याचा आवाज कमी ऐकू आला. या लोकांचेही रानिएरींवर प्रेम होते. परंतु ते दर आठवड्याला मैदानात बसून खेळ पाहत होते. दूरच्या लोकांनी मागच्या वर्षीची परीकथा पाहिली, आम्ही या वर्षीची पडझड पाहतो आहोत, असे त्यांचे म्हणणे. दिल दुखते, पण निर्णय बरोबर आहे, ही त्यांची भूमिका.

आम्हाला या तिसऱ्या गटाचे बोलणे महत्त्वाचे वाटते. दुकानाची खरी हालत रोजच्या गिऱ्हाइकाला कळते, लांबून कौतुक करणाऱ्याला नाही.

मालकाचा हिशेब

मालकाने असे का केले? सर्वप्रथम पैसा. अजिंक्यपदाच्या वर्षी लेस्टरला लीगकडून दूरचित्रवाणी वगैरे मिळून सुमारे ९ कोटी ३० लाख पाउंड मिळाले. त्याच वर्षी तळाला राहिलेल्या अ‍ॅस्टन व्हिलालाही साडेसहा कोटींहून अधिक मिळाले. म्हणजे वरच्या श्रेणीत नुसते टिकून राहणे हीच मोठी कमाई. खाली गेले की हा ओघ आटतो, चांगले खेळाडू निघून जातात आणि क्लबात काम करणाऱ्या साध्या माणसांच्या नोकऱ्याही धोक्यात येतात.

दुसरे कारण फारसे कोणी बोलत नाही. फुटबॉलमध्ये खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षभर चालत नाही. उन्हाळ्यात एकदा आणि जानेवारीत एकदा, असा दोनदाच बाजार भरतो. फेब्रुवारीत बाजार बंद असतो. मालकाची इच्छा असली तरी तो पंचवीस खेळाडू बदलू शकत नाही. बदलता येतो तो फक्त एक माणूस, मॅनेजर. म्हणून दोष कोणाचाही असो, हंगामाच्या मध्यावर गर्दन त्याचीच जाते. करार शिल्लक असल्यास त्याची भरपाई द्यावी लागते, पण घसरणीच्या नुकसानीपुढे ती रक्कम किरकोळ ठरते.

पुढे काय घडले?

रानिएरींचे सहायक क्रेग शेक्सपियर यांच्याकडे सूत्रे आली. चारच दिवसांनी लेस्टरने लिव्हरपूलला ३-१ ने हरवले. त्या सामन्यासह लीगमधील सलग पाच सामने जिंकले. सेव्हिलालाही परतीच्या सामन्यात २-० ने नमवले. उरलेल्या १३ सामन्यांत २३ गुण मिळवून संघ बाराव्या क्रमांकावर राहिला. मालकाचा निर्णय सफल झाला, असेच कोणीही म्हणेल.

पण गोष्ट येथे संपत नाही. त्याच शेक्सपियर यांना जूनमध्ये तीन वर्षांचा करार मिळाला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनाही काढण्यात आले. २०१८ च्या ऑक्टोबरात मालक विचाई मैदानाजवळच हेलिकॉप्टर अपघातात मरण पावले, तेव्हा २०१७ साली त्यांच्यावर रुष्ट झालेले शौकीनही फुले घेऊन आले. पुढे ब्रेंडन रॉजर्स यांनी २०२१ साली क्लबाला एफ.ए. कप मिळवून दिला. एप्रिल २०२३ मध्ये संघ संकटात येताच त्यांनाही निरोप मिळाला, तरी संघ त्या मोसमात खाली गेलाच. वर परतल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टीव्ह कूपर यांना काढले, आणि २०२५ साली संघ पुन्हा घसरला.

एकच दुकान, एकच इलाज. एकदा गुण आला, दोनदा आला नाही.

मग इलाजात दम आहे का?

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा छडा लावण्याचा प्रयत्न केला आहे. हॉलंडच्या लीगमधील १९८६ ते २००४ या काळातील सामन्यांचा अभ्यास झाला. मॅनेजर काढल्यावर संघ सावरतो, हे त्यात दिसले. पण ज्या संघांची तेवढीच पडझड झाली व तरी मॅनेजर कायम राहिला, तेही जवळपास तेवढेच सावरले.

याचा अर्थ सोपा आहे. कापडाच्या दुकानात सलग तीन आठवडे मंदी आली आणि मालकाने सेल्समन बदलला. चौथ्या आठवड्यात गिऱ्हाईक आले. श्रेय नव्या सेल्समनला मिळाले. पण तीन आठवडे वाईट गेल्यावर चौथा थोडा बरा जाणारच होता. काढण्याची वेळ नेहमी सर्वांत वाईट क्षणी येते, आणि सर्वांत वाईट क्षणानंतर बहुधा चढच असतो. याउलट मूळ दुखणे खोल असेल, म्हणजे चांगला माणूस गेला, खरेदी चुकली, खर्च हाताबाहेर गेला, तर उस्ताद बदलून काहीच हाती लागत नाही.

आपल्यासाठी

आपल्या शिवण कारखान्यातला कटिंग मास्टर असो, मागावरचा जॉबर असो की भट्टीवरचा उस्ताद, ईदच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर त्याच्याशी बिनसले तर मालकाने आधी स्वतःची खातेवही उघडावी. गेल्या वर्षभरात कोणता कारीगर सुटला? कच्चा माल बदलला का? खरेदी कोणी केली? हे प्रश्न उस्तादाला विचारण्याआधी स्वतःला विचारायचे आहेत. मग चार जाणत्यांशी मशवरा करावा. आणि एवढे करूनही निरोप देणे भागच असेल, तर तो इज्जतीने द्यावा. कराराचा प्रत्येक पैसा वेळेवर चुकता करावा. कबूल केलेले पाळणे आणि घाम सुकण्याआधी मजुरी देणे ही आपल्या दीनची ताकीद आहे. त्यातून उस्ताद आणि कारीगर दोघेही सुटत नाहीत.

लेस्टरच्या शौकिनांना सर्वांत जास्त लागले ते काढण्यापेक्षा सोळा दिवसांपूर्वीचे ते आश्वासन, असे आम्हाला वाटते. पाठीशी आहोत असे म्हणायचे नव्हते, तर गप्प राहता आले असते. निर्णय चुकला तर बाजार एखादे वर्ष नुकसान करतो. जबान फिरली की गिऱ्हाईक वर्षानुवर्षे विसरत नाही.

रानिएरींनी मात्र कडवटपणा धरला नाही. ते पुढे कालियारी संघाला इटलीच्या वरच्या श्रेणीत घेऊन गेले आणि २०२४ साली त्याला तेथे टिकवूनही दाखवले. हुनर खरा असेल तर दरवाजा पुन्हा उघडतो. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या हातून कोणाच्या रोजीवर नाहक गदा न येवो.