जवसाचं तेल आणि चित्राचे रंग

जवस आपल्या ओळखीचं आहे. धाराशिव जिल्ह्यात ते रब्बीला पेरतात. जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. पण याच जवसाच्या तेलात जगातली मोठमोठी चित्रं रंगवली आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? अशा चित्राला तैलचित्र म्हणतात. तैल म्हणजे तेलाचं.

आमच्या वस्तीवरच्या एका पोराला चित्रांचा भारी नाद. त्याने आपल्या वारलेल्या आजीचं चित्र काढायला घेतलं. रंगाची पूड आणली आणि घरातल्या शेंगदाण्याच्या तेलात कालवली. चित्र छान उतरलं. पण दोन महिने झाले तरी रंग वाळेना. धूळ बसली, माश्या चिकटल्या. शेवटी आजीचा चेहरा ओघळला. पोरगं रडकुंडीला आलं. म्हणालं, "काका, माझं काय चुकलं?"

चुकलं ते तेल. पाणी वाळतं म्हणजे उडून जातं. जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि घट्ट होत जातं. शेवटी त्याचा चिवट पापुद्रा बनतो. रंगाची पूड त्या पापुद्र्यात कायमची अडकते. शेंगदाण्याच्या तेलात हा गुण नाही. करडईच्या तेलात आहे, पण ते जवसापेक्षा सावकाश वाळतं. मात्र ते कमी पिवळं पडतं. म्हणून काही कारखाने पांढऱ्या रंगात करडईचंच तेल घालतात.

आता सामान काय घ्यावं ते पाहू. रंग घरी घोटण्यापेक्षा तयार नळीतले घ्यावेत. पूड उडून नाकात जाते, आणि काही पुडी विषारी असतात. शेंदूर आणि जुना सफेता यांत शिसं असतं. पांढरा रंग घेताना नळीवर 'टायटॅनियम' हे नाव वाचून घ्या. वाचायला शिकलात, ते इथे उपयोगी पडेल. पांढऱ्याची नळी मोठी घ्या, तो सगळ्यांत जास्त लागतो. बाकी पिवळी माती, गेरू आणि निळा एवढ्यावर पुष्कळ काम होतं. पिवळी माती आणि गेरू हे लोखंड असलेल्या मातीचे रंग. ते स्वस्त असतात आणि उन्हाने उडत नाहीत. वीस नळ्यांची पेटी पाहून भुलू नये.

रंग पातळ करायला टर्पेंटाइन लागतं. ते चीड झाडाच्या डिंकापासून काढतात. रॉकेल वापरू नका, ते मागे तेलकटपणा ठेवतं. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ करावा, वरच्या थरात तेल थोडं जास्त असावं. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागून हलतो आणि चित्राला भेगा पडतात.

कापड म्हणून मांजरपाट चालतं. ते चौकटीवर ताणून आधी सरस लावावा, मग पांढरा थर द्यावा. कोऱ्या कापडाला तेल लागलं तर कापड कुजतं. ब्रश राठ केसांचे तीन-चार पुरेत.

बाहेर जाऊन चित्र काढायचं तर ओझं कमी हवं. पूर्वी चित्रकार रंग डुकराच्या फुग्यात बांधून ठेवीत. ते फुटत, वाळत. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाची नळी काढली. मग माणसं रंग खिशात घालून रानात जाऊ लागली. समजा, तुम्ही नळदुर्गच्या किल्ल्यावर गेलात. तिथे कापडाची मोठी चौकट नको, वाऱ्याने ती शिडासारखी फुगते. वीतभर फळी न्या. ओली चित्रं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पेटीत खाचा असाव्यात. रंगीत छत्री नको, तिची झाक चित्रावर पडते आणि रंग फसतो. सावली सरकते, तेव्हा दोन तासांत उरकावं. आणि तिथला दगड काळा म्हणून काळा रंग फासू नका. निळा, गेरू आणि थोडा पांढरा मिसळून पाहा.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात धरा. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. ओल्या वैरणीची गंज आतून कशी तापते, ते आपण पाहतो. तसंच जवसाचं तेल वाळताना ऊब सोडतं. बोळ्यात ती ऊब कोंडते, आणि काडी न लावता चिंध्या पेटतात. रात्री सगळे झोपल्यावर सुद्धा! म्हणून कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात चिंधी टाकू नका. पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. टर्पेंटाइनही चुलीपासून, बिडीपासून लांब ठेवा. ते पाण्याच्या बाटलीत भरू नका, लेकरं पितील. काम करताना दार-खिडकी उघडी असू द्या.

त्या पोराने आजीचं चित्र पुन्हा घेतलं आहे. या खेपेला जवसाचं तेल आहे. पहिला थर चार दिवसांत हाताला लागेनासा झाला. आता लुगड्याचा काठ तेवढा राहिला आहे.