मागे ठेवलेला मुलगा म्हणजे उरलेला मुलगा नव्हे

वांद्रे पश्चिमेला रेक्लेमेशन भागात नेव्हिल डिसोझा यांच्या नावाचं फुटबॉल मैदान आहे. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं, त्यातले तीन गोल डिसोझांचे होते. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. ज्यांच्या नावाने मैदान ओळखलं जातं तेच फॉरवर्ड, मग तिथे येणाऱ्या प्रत्येक मुलाला गोल मारायचा असतो यात नवल नाही. बेहरामपाडा असो, भारत नगर असो की बाजार रोड, मुलगा सामना खेळून घरी आला की अब्बांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती गोल मारलेस?"

आज आम्ही लिहिणार आहोत ते या प्रश्नाचं उत्तर नेहमी "एकही नाही" असं देणाऱ्या मुलांबद्दल. ही मुलं बॅक लाइनची, म्हणजे दोन बाजूचे बॅक आणि मधले दोन स्टॉपर. त्यांना कसं पारखायचं, कोण कुठे शोभतो हे कसं ठरवायचं, आणि पालक म्हणून आपण काय बघायचं, ते आज समजून घेऊ.

हा विषय का काढला

आमच्या घरातलीच गोष्ट आहे. भाचा तेरा वर्षांचा असताना एका निवड चाचणीला गेला होता. तिथे त्याला सांगितलं गेलं, "तू हळू आहेस, मागे जा." कुठे उभं राहायचं, काय करायचं, हे काहीच सांगितलं नाही. वीस मिनिटांत दोनदा त्याच्या बाजूने गोल झाला आणि चाचणी संपली. घरी येऊन त्याने बूट पलंगाखाली टाकले, ते तिथेच राहिले. आम्हीही तेव्हा "जाऊ दे, अभ्यास कर" एवढंच म्हणालो. आज तो फुटबॉल खेळत नाही. आता त्याचा धाकटा भाऊ चाचणीला जायच्या तयारीत आहे. या वेळी आपल्याला तरी काहीतरी कळायला हवं, असं वाटलं.

चूक "मागे जा" म्हणण्यात नव्हती. मागची जागा ही उरलेल्यांची जागा आहे असं समजण्यात होती. गल्लीत टीम पाडताना आपण हेच करतो. चपळ पोरं पुढे, जाडा गोलीत, बाकीचे मागे. मैदानावर हा हिशेब चालत नाही. फॉरवर्ड दहा वेळा चुकून एकदा बरोबर ठरला तर हिरो होतो. बॅक दहापैकी नऊ वेळा बरोबर असला तरी दहाव्या चुकीचा गोल होतो, आणि सगळ्यांच्या लक्षात तेवढाच राहतो.

चार जागा, चार वेगळी कामं

बाजूचा बॅक विंगरला रोखतो आणि आपला बॉल आला की स्वतः बाजूने वर धावतो. परत येण्याचा पल्लाही त्यालाच मारायचा असतो. म्हणून त्याच्यात दम हवा आणि वेग हवा. डावीकडे डाव्या पायाचा मुलगा असला तर उत्तम, कारण त्याला पळता पळताच क्रॉस टाकता येतो. उजव्या पायाच्या मुलाला त्यासाठी बॉल आत वळवून घ्यावा लागतो.

दोन स्टॉपर ही जोडी असते. त्यातला एक बॉलवर जातो, दुसरा त्याच्या मागची जागा राखतो. दोघेही एकाच वेळी बॉलवर गेले तर मागे मैदान मोकळं. दोघेही थांबले तर समोरचा आरामात शॉट मारतो. म्हणून एकेक स्टॉपर कितीही चांगला असला तरी जोडी जमली नाही तर उपयोग नाही.

या चौघांना एक रेष सांभाळायची असते. तिघे वर आले आणि चौथा मागे राहिला, तर त्या एकामुळे समोरचा फॉरवर्ड ऑफसाइडमधून सुटतो. त्या चौथ्याचा पाय कितीही चांगला असला तरी त्या क्षणी तो संघाला महाग पडतो.

पारखताना काय बघायचं

पहिली गोष्ट, बॉल लांब असताना मुलगा काय करतो. आपण सगळे बॉलकडे बघत असतो. एक सामना फक्त आपल्या मुलाकडे बघून पाहा. तो मान वळवून खांद्यामागे बघतो का? बॉल डावीकडे गेला की आत सरकतो का? की कमरेवर हात ठेवून प्रेक्षक होतो? चांगला बॅक इथेच ओळखू येतो.

दुसरी, एकास एक. समोरचा बॉल घेऊन आला की कच्चा मुलगा लगेच झेपावतो, आणि एका झुकांडीत बाद होतो. जाणता मुलगा एका हाताच्या अंतरावर थांबतो, अंग तिरकं ठेवतो, समोरच्याला साइडलाइनकडे ढकलत नेतो आणि आपल्या साथीदारांना परत यायला वेळ मिळवून देतो. त्याने टॅकल केला नाही म्हणून बाहेरून "घाबरतो" असं ओरडू नका. अनेकदा तेच खरं काम असतं.

तिसरी, बॉल मिळाल्यावरचा पहिला पास. दडपणाखाली तो डोळे मिटून बॉल उडवतो की जवळच्या हाफला शोधतो? दुसरा पाय निदान कामापुरता चालतो का?

चौथी, आवाज. मागून सगळं मैदान दिसतं, म्हणून "मागे माणूस", "वेळ आहे", "वर चला" हे मागच्यांनीच सांगायचं असतं. घरात गप्प असणारा मुलगा मैदानात बोलतो असं पुष्कळदा दिसतं, त्यामुळे आधीच शिक्का मारू नये.

पाचवी, चुकीनंतरची पाच मिनिटं. गोल खाल्ल्यावर तो पुढचा बॉल मागतो की लपतो? लपत असेल तर दोष त्याचाच असतो असंही नाही. बाहेरून कोण काय ओरडतंय तेही बघा.

हेडरबद्दल थोडं जपून. उंच बॉलचा अंदाज घेणं, वेळेवर उडी मारणं हे स्टॉपरला लागतंच. पण लहान मुलांच्या डोक्याला होणाऱ्या धक्क्यांची काळजी आता जगभर घेतली जाते. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये १० वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडर मारायला मनाई जाहीर केली. लहान वयात हेडरवरून मुलाला नापास करू नये आणि डोक्याने बॉल मारण्याचा भरमसाठ सरावही करून घेऊ नये.

उदाहरण घेऊ

समजा एका संघात मागे खेळणारी चार मुलं आहेत. पहिला उंच आणि हवेत दणकट, पण वळायला जड. दुसरा बुटका, पण बॉल कुठे पडणार हे आधीच ओळखणारा. तिसरा सुसाट पळणारा, मात्र उतावळा. चौथा डावखुरा, दमाचा, अंगाने बारीक.

बहुतेक जण उंच मुलाला स्टॉपर करतात आणि बुटक्याला बाजूला ढकलतात. आम्ही पहिल्या दोघांना जोडीने मध्ये ठेवू. उंच मुलगा बॉलवर जाईल, बुटका त्याच्यामागे झाकण घालेल. उंच मुलगा वळायला जड म्हणून रेष फार वर न्यायची नाही, नाहीतर त्याच्या मागे पडलेला प्रत्येक बॉल शर्यत होईल आणि ती तो हरेल. उतावळ्या पळणाऱ्याला उजवीकडे ठेवू. तिथे तो चुकला तरी साइडलाइन त्याच्या मदतीला असते, आणि वेगामुळे तो परत गाठू शकतो. मध्ये तोच उतावळेपणा थेट गोल देतो. डावखुरा अर्थातच डावीकडे.

उंची हीच कसोटी असती तर २००६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीचा कर्णधार फाबिओ कानावारो स्टॉपर झालाच नसता. त्याची उंची जेमतेम पावणेसहा फूट. त्याच वर्षी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर त्याला मिळाला. आणि २०२२ च्या विश्वचषकातलं मोरोक्को तर आपल्या घराघरांत रात्री जागून पाहिलं गेलं. उपांत्य फेरीपर्यंतच्या पाच सामन्यांत त्यांनी एकच गोल खाल्ला, तोही स्वतःच्याच खेळाडूच्या पायाला लागून गेलेला. उजवीकडे अश्रफ हकीमी होता, म्हणून उजव्या पायाच्या नुसैर मझरावीला डावीकडे खेळवलं गेलं. नियम असतो, पण हाताशी कोण आहे हे बघून तो वाकवावाही लागतो.

रहीमसाहेबांचा धडा

खेळाडूची जागा ओळखण्याचं आपल्या देशातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ असं दोनदा आशियाई खेळांचं सुवर्णपदक जिंकलं. नेव्हिल डिसोझांच्या हॅटट्रिकच्या वेळीही प्रशिक्षक तेच होते. 'मैदान' चित्रपटामुळे नव्या पिढीलाही ते नाव माहीत झालं आहे.

१९६२ मध्ये जकार्तात संघाचा आधारस्तंभ असलेला स्टॉपर जर्नैल सिंग थायलंडविरुद्ध डोक्याला जखमी झाला. टाके पडले. दुसऱ्या कुणी त्याला बाकावर बसवलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला उपांत्य सामन्यात सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवलं आणि त्याने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१ ने विजय मिळाला. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नैल सिंगचा. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने गाठलेलं होतं. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, त्यांचं निधन झालं.

हा जुगार होता असं आम्हाला वाटत नाही. त्या मुलाची ताकद कशात आहे हे ज्याला वर्षानुवर्षं बघून माहीत असतं, त्यालाच अशी हलवाहलव सुचते. वीस मिनिटांच्या चाचणीत ते दिसत नाही.

घाई का नको

आपल्या मुंबईचा राहुल भेके उजवा बॅकही खेळतो आणि स्टॉपरही. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात आयएसएलचा अंतिम सामना ११७ व्या मिनिटाला त्याच्याच हेडरने सुटला आणि बंगळुरू जिंकलं. पुढे तो मुंबई सिटीचा कर्णधार झाला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातला अनस एडथोडिका मुंबई एफसी आणि पुणे एफसीकडून खेळला. हा स्टॉपर भारतासाठी पहिला सामना खेळला तेव्हा तिशीला पोहोचला होता. मागच्या जागेवर अनुभव मुरायला वेळ लागतो.

वयाचीही एक गोम आहे. वयोगट जन्मवर्षावर ठरतो, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. तेराव्या वर्षी हे अकरा महिन्यांचं अंतर खांद्यांत आणि पायांत दिसतं. निवड होताना वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांना झुकतं माप मिळतं हे अनेक देशांत दिसून आलं आहे. आज हळू वाटणारा मुलगा कदाचित फक्त लहान असेल. आणि ज्याची उंची एका वर्षात झपाट्याने वाढते, तो काही महिने स्वतःच्याच पायांत अडखळतो. त्याची जागा त्या काळात कायमची ठरवू नये.

मग आपण काय करायचं

मुलगा असो की मुलगी, निदान तीन सामने नुसतं बघा. शक्य असेल तर वेगवेगळ्या जागी खेळताना बघा, आणि वरच्या पाच गोष्टींच्या दोन-दोन ओळी वहीत टिपून ठेवा. मग प्रशिक्षकांना दोनच प्रश्न विचारा: "याला इथे का ठेवलं?" आणि "इथे याने काय शिकायचं?" चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. त्याच्याकडे उत्तर असतं, आणि ते उत्तर मुलासमोर दिलं गेलं तर आणखी चांगलं, कारण "मागे जा" हे शब्द तेच राहूनही मुलाच्या कानाला वेगळे लागतात.

मैदानाच्या कडेवरून सूचना देऊ नका. एका कानात सर, दुसऱ्या कानात अब्बा, आणि समोर विंगर, अशात मोठा माणूसही गोंधळेल.

आमचा धाकटा पुढच्या महिन्यात चाचणीला जाईल. त्यालाही मागेच ठेवतील असं दिसतंय, कारण तोही भावासारखाच हळू आहे. पण तो मान वळवून मागे बघतो, हे आम्ही गेल्या तीन रविवारी मोजलं आहे. तो घरी आल्यावर किती गोल मारलेस हे आम्ही विचारणार नाही. तुझ्या बाजूने किती जण आत आले, आणि कितींना तू बाहेर नेलंस, एवढं विचारू.