‘स्ट्रोक’ : शब्द एक, अर्थ अनेक



इंग्रजीतले काही शब्द मराठीत येऊन घरचेच झाले आहेत. ‘स्ट्रोक’ हा त्यातलाच एक. आपण तो रोज ऐकतो, पण त्याचे अर्थ इतके आहेत की कोण कुठल्या स्ट्रोकबद्दल बोलतंय हे नीट पाहावं लागतं. नर्सिंगच्या नोकरीत हा शब्द मी हजारो वेळा लिहिला असेल. त्याची थोडी ओळख करून देते.

मुळात स्ट्रोक हा ‘स्ट्राइक’ म्हणजे मारणे, या शब्दाच्या घराण्यातला. म्हणून पहिला अर्थ फटका किंवा ठोका. क्रिकेटमध्ये फलंदाज मारतो तो स्ट्रोक. घड्याळाचा टोल पडतो तोही स्ट्रोक. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री पंडित नेहरूंनी जे प्रसिद्ध इंग्रजी भाषण केलं, त्यात मध्यरात्रीच्या ठोक्यासाठी हाच शब्द आहे.

पुढे एका दमात केलेल्या हालचालीलाही स्ट्रोक म्हणू लागले. पोहताना हात मारतो तो स्ट्रोक, चित्रकाराच्या ब्रशचा एक फटकारा तो स्ट्रोक. मुंबईतल्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर आठवतात ना? पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आणि मागे धूर सोडत जायचं! इंजिनातला दट्ट्या एकदा वर किंवा एकदा खाली गेला की एक स्ट्रोक झाला. अशा दोन स्ट्रोकमध्ये ज्याचं एक चक्र पुरं होतं ते टू-स्ट्रोक इंजिन. आपलं हृदयही एक पंपच आहे. ते एका ठोक्याला जेवढं रक्त बाहेर ढकलतं, त्याला डॉक्टर ‘स्ट्रोक व्हॉल्यूम’ म्हणतात. मोठ्या माणसात ते साधारण ७० मिलिलिटर असतं, म्हणजे चहाचा छोटा कप.

राजकारणात कोणी हुशारीची खेळी केली की मराठी पेपरवाले ‘मास्टरस्ट्रोक’ लिहितात. अचानक नशीब उघडलं तर ‘स्ट्रोक ऑफ लक’. आणि गंमत म्हणजे मांजरीच्या पाठीवरून मायेने हात फिरवण्यालाही इंग्रजीत स्ट्रोकच म्हणतात. फटकाही तोच आणि कुरवाळणंही तेच!

आता आजाराकडे येऊ. माणूस बसल्या जागी कोसळतो, एक बाजू लुळी पडते, जणू कोणी अदृश्य हाताने फटका मारला. म्हणून इंग्रजीत स्ट्रोक. मराठीत पाहा : पक्षाघात. पक्ष म्हणजे बाजू, आघात म्हणजे फटका. उन्हाचा त्रास होतो तो उष्माघात, तिथेही आघातच. हिब्रूत फटक्याला ‘मका’ म्हणतात (आपलं कणीस नव्हे). पेसाहच्या रात्री हगादा वाचताना ज्या दहा पीडा मोजतो त्या ‘मकोत’, आणि उष्माघात म्हणजे ‘मकात खोम’. तिन्ही भाषांत कल्पना एकच. मेंदूच्या स्ट्रोकला मात्र हिब्रूत वेगळा शब्द आहे : ‘शवात्स मोखी’. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका शब्दात इतके अर्थ आले की घोटाळा होतो. हमसीनच्या दिवसात म्हातारं माणूस गळून गेलं की घरचे म्हणतात, “स्ट्रोक झाला, ऊन लागलं,” आणि पाणी पाजत बसतात. कोणी स्ट्रोक आणि हार्ट अटॅक एकच समजतात, कारण मराठीत दोन्हीला आपण ‘झटका’च म्हणतो. पण हार्ट अटॅक हृदयाचा, स्ट्रोक मेंदूचा. बहुतेक स्ट्रोक रक्ताची गुठळी मेंदूच्या वाहिनीत अडकल्याने होतात, थोडे वाहिनी फुटून रक्तस्राव झाल्याने. आणि छातीत कळ येते तसं यात बहुधा काही दुखत नाही. म्हणूनच माणूस म्हणतो, “थोडं पडते, बरं वाटेल.” नेमकं हेच करू नका.

ओळखायचं कसं? चार शब्द पाठ करा : चेहरा, हात, बोलणं, वेळ.

चेहरा : हसायला सांगा. तोंडाची एक बाजू खाली ओघळते का?
हात : डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक खाली येतो का?
बोलणं : एखादं साधं वाक्य म्हणायला सांगा. जीभ जड झाली का, शब्द भलतेच येतात का?
वेळ : यातलं एक जरी चिन्ह अचानक दिसलं तरी लगेच १०१ ला, मागेन दाविद अदोमला फोन करा. “खशाद ले-शवात्स” म्हणा, म्हणजे शवात्सचा संशय आहे.

घाई का? मेंदूची मोठी वाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. काही निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी बाहेर काढता येते, तीही जास्तीत जास्त २४ तासांपर्यंत. म्हणून माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहा. गोळ्यांची यादी बरोबर घ्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. ॲस्पिरिन आपल्या मनाने देऊ नका, रक्तस्राव असेल तर ती घात करेल. पाणी-चहाही नको, ठसका लागून श्वासनलिकेत जाईल. आणि पाच-दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तरी मियूनमध्ये जाच. तो ‘मिनी स्ट्रोक’ असतो, मोठ्याची सूचना.

आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. आपल्यातल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांचं हिब्रू बेताचंच आहे, आणि अडचणीच्या वेळी तोंडातून मराठीच येते. समोरच्या तरुण डॉक्टरला मराठी कळत नाही. आजीचं बोलणं अडखळतंय की ती नेहमीसारखंच बोलतेय, हे त्याला कसं कळणार? ते घरच्यांनीच सांगायला हवं : “हे तिचं नेहमीचं बोलणं नाही.” हे एक वाक्य तपासाइतकंच मोलाचं आहे. म्हणून शक्य असेल तर मराठी समजणारं कोणीतरी बरोबर जावं.

बीपी, साखर आणि हृदयाचे अनियमित ठोके यांच्याकडे लक्ष ठेवा, सिगारेट सोडा. बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नका. आणि ते चार शब्द मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा. नातवंडांना हिब्रूत लिहायला सांगा, म्हणजे त्यांचेही पाठ होतील.